नव्वद अंश

न्हाव्याने मानेवर तळवा ठेवून डोकं खाली दाबलं, एवढंच झालं. दिवसातून वीस-पंचवीस डोकी तो तशी दाबत असेल. कालव्यावरच्या पुलापाशी एक खुर्ची, झाडाला ठोकलेल्या खिळ्याला टांगलेला आरसा आणि गरम पाण्याचा थर्मास, हे त्याचं दुकान. आणि बीजिंगच्या या टोकाला राहायला आल्यापासून, म्हणजे गेली आठ वर्षं, लुआन थिंगयू त्याच्याचकडे केस कापून घेत होता. पण आज तो कोमट, ओलसर तळवा मानेवर टेकला आणि थिंगयूची मान ताठ झाली. त्याने केली नाही, ती झाली. वस्तरा घसरला. कानामागे बारीकशी आग आणि पाठोपाठ ओल.

"मरायचंय का?" न्हावी ओरडला. "पोलिसांनी मान दाबली तेव्हाही अशीच ताठ ठेवलीत वाटतं! म्हणूनच पंधरा दिवस आत बसवलं."

बाकावर पाळीची वाट बघत बसलेले दोन म्हातारे खो-खो हसले. थिंगयूही हसला. गळ्याभोवतीचा कपडा त्याने स्वतःच सोडला आणि उठला.

"अहो कलाकार! अर्धी मान राहिलीये!"

"राहू दे," तो म्हणाला आणि रुमाल कानामागे दाबून कालव्याच्या काठाने चालू लागला.

हवेत कोळशाचा धूर होता आणि पायाखाली पॉपलरची पिवळी पानं चुरडत होती. पंचेचाळिसाव्या वर्षी न्हाव्याच्या हाताला आपण घाबरलो काय, असं त्याने स्वतःला चिडवून पाहिलं; पण ती भीती नव्हती हे त्याला कळत होतं. भीती त्याच्या ओळखीची होती. पाडायच्या घरांच्या भिंतींवर पालिकेची माणसं जे 'पाडा' असं अक्षर रंगवतात, तेच अक्षर त्यांच्याच ब्रशने स्वतःच्या उघड्या छातीवर रंगवून घेऊन तो जानेवारीत अख्खा दिवस चौकात उभा राहिला होता, तेव्हा तो घाबरलाच होता. त्याबद्दल पंधरा दिवस आत काढले, तेव्हाही. ती भीती घशात कोरडी येते. हे वेगळं होतं. त्या तळव्याचं वजन त्याला माहीत होतं, पण दुसऱ्या बाजूने. वरून. मान खाली आणि आपला हात वर असला म्हणजे तळव्याला काय लागतं ते त्याला पक्कं माहीत होतं: सैल, थंड कातडी, तिच्याखाली दोन ताणलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवरून गेलेली लोखंडी तार.

तीन वर्षांपूर्वी हेनानमधल्या आपल्या तालुक्याच्या गावी जाऊन त्याने बापाचे सहा फोटो काढले होते. ज्या शाळेच्या मैदानात सदुसष्ट साली, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, लुआन शोउरन या विज्ञानाच्या मास्तराला गळ्यात तारेने लाकडी पाटी अडकवून जमावापुढे वाकवलं होतं, त्याच मैदानात, तीच पाटी पुन्हा करून घेऊन, त्याच मास्तराला पुन्हा वाकवलं होतं. मास्तराचा गुन्हा एवढाच, की सूर्यावर डाग असतात असं त्यांनी वर्गात सांगितलं. त्या काळी सूर्य म्हणजे देशाचा सर्वोच्च नेता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाटीवर लिहिलं होतं 'सूर्याला डाग लावणारा लुआन शोउरन', आणि नावावर लाल फुली. बाप नाही म्हणेल असं थिंगयूला वाटलं होतं. उत्तरंही तयार ठेवली होती, इतिहास, साक्ष, विसरणं म्हणजे गुन्हा वगैरे. त्यातलं एकही लागलं नाही. बाप लसूण सोलत होते, ते म्हणाले, "तुला हवंय का? मग करू." पाटी उचलून बघितली आणि म्हणाले, "तेव्हाची जड होती. पण चालेल." आणि मग त्यांनी प्रयोग समजावून द्यावा तसं समजावून दिलं: हात मागे, वर, विमानाच्या पंखांसारखे, कंबरेत बरोब्बर नव्वद अंश, कमी पडलं तर मागून लाथ बसायची.

नव्वद अंश काही होईनात. त्र्याहत्तर वर्षांची पाठ सत्तर अंशांवर अडून बसली. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याला शटरवर उभं केलं होतं, तो घड्याळ बघत होता, ऊन भिंतीवरून सरकत होतं. तेव्हा थिंगयू पुढे गेला आणि त्याने बापाच्या मानेवर हात ठेवून दाबलं. पाठीत कुठेतरी कट् झालं. ते कानाला ऐकू आलं नाही, हाताला कळलं, वाळलेली काटकी गवताखाली पायाने मोडावी तसं. बापाच्या नाकातून पाण्याचा थेंब लोंबत होता, तो तेवढा पडला. थिंगयूने हात काढायला हवा होता. त्याने स्टुडिओवाल्याला म्हटलं, "घे."

तो पाचवा फोटो. बाहेरच्या देशांत त्या सहांपैकी पाचवाच गाजला. फ्रेमच्या कडेने आलेला, मनगटापासून तुटल्यासारखा दिसणारा तो हात. एका मोठ्या टीकाकाराने त्या हातावर सहा पानं लिहिली: हा सत्तेचा बिनचेहऱ्याचा हात आहे, प्रत्येक काळात तो कुणाच्या ना कुणाच्या मानेवर असतोच. हात कोणाचा असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, असं तो स्वतःला सांगत असे. बाकी पुष्कळ विचारत. त्या दिवशी तुम्ही मैदानात होता? होतो, सहा वर्षांचा होतो, आईच्या कोटाआड तोंड लपवून रडत होतो. हे त्याने इतक्या शहरांत, इतक्या माइकांपुढे सांगितलं होतं, की आता त्याला तो निळा सुती कोट, नाकाला लागलेलं त्याचं बटण, सगळं दिसायचं.

पण त्या दिवशी तो रडला नव्हता. स्वच्छ ऊन होतं, ढोल वाजत होते, हातात कागदाचं लाल निशाण होतं. सगळे हात वर करून ओरडत होते आणि तोही ओरडत होता, मध्येच सगळे श्वास घ्यायला थांबले आणि त्या फटीत त्याचा एकट्याचा किनरा आवाज मैदानभर गेला: "लुआन शोउरन मुर्दाबाद!" लोक हसले. दंडावर लाल पट्टी बांधलेल्या एका बाईने त्याचा गालगुच्चा घेतला, "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणाली आणि सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांनी त्याचा खिसा भरला. मग तो पुन्हा ओरडला. पुन्हा. कोणी हसेना तरी ओरडत राहिला. समोर कोण वाकलंय हे त्याला नीट माहीत होतं. त्या दिवशी जेवढं सुख झालं तेवढं पुढे कशानेच झालं नाही, पॅरिसमध्ये लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते तेव्हाही नाही. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, आणि ती सोडून गेली त्यालाही आता चार वर्षं झाली.

त्याच्या स्वतःच्या स्टुडिओच्या दाराशी त्याची ताई उभी होती. पायाशी दोरीने बांधलेलं गाठोडं, आणि त्याच्यापलीकडे भिंतीला धरून बाप.

"फोन करून यायचं," तो म्हणाला.

"केला असता तर तू नको म्हणाला असतास." ताईने त्याला वरून खालपर्यंत बघितलं. "हे काय, अर्धीच मान? बीजिंगमध्ये हीच फॅशन का आता?"

"बाबा, बरे आहात?"

बाप वाकले. लवून नमस्कार करावा तसं नव्हे. हात मागे गेले, वर उचलले गेले, कंबर काटकोनात मोडली आणि पांढरं डोकं गुडघ्यांच्या रेषेत लोंबू लागलं. थिंगयूने अभावितपणे कोन बघितला. नव्वद पूर्ण.

"उठा बाबा, आपला धाकटा आहे," ताई म्हणाली, मुलाला शी करायला बसवावं तितक्या सवयीने तिने त्यांना काखेत धरून सरळ केलं. "बघितलंस? तू फोटो काढून गेलास त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून हे चाललंय. कोळसेवाला आला, वाक. पोस्टमन आला, वाक. तुला पत्रात लिहिलं तर तू कंबरेच्या पट्ट्या पाठवल्यास. उन्हाळ्यात घर पाडायची नोटीस घेऊन माणसं आली, त्यांच्यापुढेही वाकले. त्यांनी लिहून घेतलं, घरमालकाची संमती आहे म्हणून! आता घर नाही, धाकट्या. आम्ही नवऱ्याच्या भावाकडे एका खोलीत पाच माणसं आहोत. आणि मी थकले."

"मला आज पाच वाजता प्रदर्शन आहे, ताई."

"माहितेय. टीव्हीवर नाही दाखवणार, पण गावात सगळ्यांना माहितेय. आपल्या बापाला वाकवून जगभर फिरलास, आता थोडे दिवस वाकलेला बाप सांभाळ. गोळ्या गाठोड्यात आहेत. शेवया मऊ लागतात. माझी गाडी दोनची आहे."

ती आत आली नाही, पाणीही प्यायली नाही. जाताना बापाच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि हुंदका आला तेव्हा खोकल्यासारखं केलं. बाप तिच्या पाठीकडेही वाकून राहिले, ती गल्लीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

थिंगयूने शेवया उकडल्या. बाप हळूहळू, आवाज न करता जेवले. मग दोन्ही हातांत चहाची बरणी धरून शेक घेत बसले. डोळे बघून तर सगळं शाबूत वाटत होतं, भिंतीवरच्या छायाचित्राकडे बघून त्यांनी विचारलंही, "हा उजेड खिडकीचा की दिव्याचा?" थिंगयू 'खिडकीचा' म्हणाला. खूप काही विचारायचं राहून गेल्यासारखं त्याला वाटत होतं, पण नेमकं काय ते सापडत नव्हतं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, स्वतःचीच चाहूल लागू नये अशा बेताने, तो दुसराच हिशेब मांडत होता: काळा कोट, पांढरं डोकं, मागे दोन मीटर उंचीचा तोच माणूस.

तीनच्या सुमाराला थान यी गाडी घेऊन आली. दालन तिचं होतं, जुन्या यंत्रांच्या कारखान्यात थाटलेलं, आणि हे सहा फोटो देशात पहिल्यांदा लावायचं धाडस तिनेच केलं होतं. ती दारात आली आणि बाप वाकले.

"लुआनसर, हे... हे तेच?"

"माझे वडील."

"तुम्ही ठरवलंय हे? संध्याकाळसाठी?" तिचा आवाज अर्धा झाला. "सर, हे आलं ना, तर लोक श्वास घ्यायचे विसरतील. पण आजोबांना झेपेल? तब्येत? मला कसंतरीच होतंय बाई."

तिला खरंच कसंतरी होत होतं, डोळे भरले होते. आणि तिने बापाच्या कोटाकडे, चपलांकडे असं बघितलं, की तेच राहू द्यायचे की बदलायचे याचा विचार तिच्या डोक्यात चाललाय हे थिंगयूला दिसलं. कारण तो स्वतः तोच विचार करत होता. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. तो श्वास त्याने घेतला आणि म्हणाला, "इथे एकटं ठेवता येणार नाही. येतील बरोबर."

दालन रिकामं होतं. पेले रांगेने मांडलेले, दोन पोरी फुलदाण्यांत शेवंती लावत होत्या. थान यीने त्यांना मागे पाठवलं, म्हणून बाप वाकायचे थांबले. ते फोटोंपाशी गेले आणि हात पाठीमागे बांधून, परीक्षेच्या वर्गात फिरावं तसे एकेकापुढे थांबत चालले. पाचव्यापाशी जास्त वेळ थांबले. थिंगयूच्या कानामागची जखम ठसठसू लागली.

"हात चांगला आलाय," बाप म्हणाले. "तुझ्या आजोबांचा असाच होता. अंगठा आखूड."

थिंगयूने हात खिशात घातले.

"मी तुझ्यावरच्या पुस्तकात वाचलं, ताईने आणून दिलं. तू म्हणतोस, त्या दिवशी रडलो." बाप अजून फोटोकडेच बघत होते. "असं का सांगतोस? तू कुठे रडलास? पाच-सहाशे माणसं होती मैदानात. मान खाली, कानात नुसती घोंघ. त्यातून मला एकच आवाज ओळखू येत होता. तुझा."

"बाबा..."

"फार छान ओरडलास. स्पष्ट. मला एवढं बरं वाटलं! म्हटलं, चला, पोरगं सुटलं. आदल्या दुपारी चुलीपाशी बसवून मीच तर शिकवलं होतं तुला. आठवत नाही? तू सारखा चुकायचास. 'लुआन शोउरनबाबा मुर्दाबाद' म्हणायचास." बाप हसले, खालचे दोनच दात दिसले. "म्हटलं, अरे, बाबा नाही म्हणायचं. दहा वेळा घोकून घेतलं. तुझी आई बाहेर जाऊन बसली, तिला ऐकवेना. दुसऱ्या एका मास्तराचं पोर ओरडलं नाही, तर त्या पोरालाही बापाशेजारी उभं केलं. त्याचं पुढे काय झालं कुणास ठाऊक."

थिंगयू आठवू लागला. चूल. चुलीचा धूर असणार, दुपार असणार, बापाचं तोंड अगदी जवळ असणार. काहीच येईना. येत होता तो ढोल, ऊन, खिशातल्या बिया, आणि आतून उसळून येणारं ते सुख. आणि त्या सुखालाही आता कोणीतरी आधीच हात लावून ठेवला होता. आयुष्यभर लपवून सांभाळलेलं आपलं एकमेव पाप बापाने घडवलेलं निघालं, घोकून घेतलेला धडा निघाला; आणि त्याला रडू यायच्या ऐवजी राग आला, खेळणं हिसकावून घेतल्यावर येतो तसा बाळबोध, भयंकर राग. असल्या दयाळू माणसाचं काय करायचं असतं?

"मग आता का वाकता?" त्याने विचारलं. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "कळतंय ना सगळं? मग कोळसेवाल्यापुढे कशाला वाकता? ताईचं घर गेलं!"

बापांनी विचार केला. मास्तरांना पोराने अवघड प्रश्न विचारला, की ते खाली बघून असेच थांबायचे.

"कळतं रे. पण वाकलेलं बरं असतं. समोरचा मग पुढचं काही विचारत नाही. मधली वर्षं मी विसरलो होतो. तू पुन्हा दाखवलंस."

तेवढ्यात बाहेर गाडीची दारं आपटली. वरून आलेली पाच माणसं होती; पुढचा वयस्क, साधं जाकीट घातलेला, बोलायला अगदी गोड.

"वायरिंगची तपासणी आहे," तो थान यीला म्हणाला. "धोकादायक आहे हो. आज दालन बंद ठेवा. आणि हे सहा फोटो आम्ही घेऊन जातो."

"वायरिंगसाठी फोटो कशाला?"

"फोटोंवर दिवे आहेत ना, मॅडम."

थान यी भांडू लागली, परवाना दाखवू लागली, कुणाला तरी फोन लावू लागली. चौघे जण शिडी न घेताच कामाला लागले. पहिला उतरवला, दुसरा. कपडा नव्हता म्हणून उघडेच भिंतीला टेकवले. थिंगयूने विरोध करायला हवा होता. छातीवर अक्षर रंगवून घेणाऱ्या माणसाकडून कोणीही तशीच अपेक्षा केली असती. तो उभा होता. बापाचं बोलणं अजून कानात होतं आणि समोरचं सगळं काचेपलीकडून चालल्यासारखं दिसत होतं.

बाप दालनाच्या मधोमध वाकले होते.

"हे कोण?" जाकीटवाल्याने विचारलं, मग फोटोकडे बघितलं, मग पुन्हा म्हाताऱ्याकडे, आणि त्याच्या गोड चेहऱ्यावरचा रंग उतरला. तोही साठीचा होता. सदुसष्ट साली वीसेक वर्षांचा असेल, आणि कोणत्या तरी मैदानात कोणत्या तरी बाजूला उभा असेलच. "आजोबा, उठा. उठा हो. तुम्हाला कोणी काही केलेलं नाही." त्याने खांद्याला हात लावला तसे बाप आणखी खाली गेले. तो हात भाजल्यासारखा मागे घेऊन माणसांवर खेकसला, "बघताय काय? उचला लवकर!"

चौघांनी पाचवा उचलला. दोन मीटरचा, चार कोपऱ्यांना चार माणसं, आडवा धरून दाराकडे निघाले. त्यांना म्हाताऱ्याला वळसा घालून जावं लागत होतं. वरच्या खिडक्यांतून चारचं ऊन तिरपं येत होतं. एका बाजूला वाकलेला माणूस, त्याच्या मागून सरकत येणारा तोच वाकलेला माणूस, त्याच्या मानेवरचा हात, आणि वाहणाऱ्यांच्या ओझ्याने वाकलेल्या चार पाठी. थिंगयूच्या खांद्यावर कॅमेरा होता. तो कधी डोळ्याला लागला, त्याला कळलं नाही. उजेड पुरेसा आहे हे मात्र कळलं. एक पाऊल मागे जायला हवं हेही कळलं, तो गेला. पुढे हात टाकून बापाला उभं करायला तेवढंच एक पाऊल लागलं असतं.

बापांनी लोंबती मान किंचित वळवली. उलटा, रक्त उतरून लाल झालेला चेहरा त्याच्याकडे बघत होता. डोळ्यांत काहीही हरवलेलं नव्हतं.

"घे लवकर," ते हळूच म्हणाले, त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पाय थरथरतायत."

त्याने बटण दाबलं.

"झालं का?"

चौकट दारात पोचली होती, तिथे ऊन जास्त होतं.

"अजून एक, बाबा," थिंगयू म्हणाला.